केस गळतात म्हणून डॉक्टरकडे कोणी गेलंय का? (जळगाव-धुळे भाग)

अमळनेरची_सून (६ एप्रिल, रात्री ९.५०)

नमस्कार. इथलं बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

फेब्रुवारीपासून माझे केस फार गळतायत. वय ३४. न्हाणीच्या जाळीवर रोज पुंजका, उशीवर, ओट्यावर, झाडूत, सगळीकडे केस. परवा मुलाने शाळेतून डबा तसाच परत आणला. उघडून बघितलं तर पोळीत माझा लांब केस. तो काहीच बोलला नाही, म्हणूनच जास्त लागलं मनाला. भांगातून टाळू दिसायला लागली आहे.

सासूबाई म्हणतात, "केसले काय डॉक्टर लागस? तेल लाव." माका, जास्वंद घालून त्यांनी स्वतः लोखंडी कढईत तेल कढवून दिलं. आयुष्यभर डोक्यावरचा पदर खाली येऊ न दिलेली बाई रोज रात्री मला पुढ्यात बसवून तेल चोळते, मला नाही म्हणवत नाही. पण गळती थांबलेली नाही. नवरा म्हणतो जळगावला दाखवून ये.

विचारायचं एवढंच, की केसांसाठी डॉक्टरकडे जाणं बरोबर आहे का? कोणत्या डॉक्टरकडे? आणि किती दिवस वाट बघून?

---

वांग्याचं_भरीत (रात्री १०.०५)

ताई, तिथे गेल्या गेल्या आधी केसपेपरच काढतात, म्हणजे सुरुवात केसापासूनच आहे. (हलके घ्या.) जा बिनधास्त.

---

तापीकाठचा (रात्री १०.३०)

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

आमच्या आबांना चाळिशीत टक्कल पडलं, मला पस्तिशीत. आबांनी रावेरच्या उन्हात टोपी घालून केळीची बाग केली, चार पोरींची लग्नं लावली. केस नाहीत म्हणून कोणी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. आता पोरंसोरं वीस-बावीसला आरशासमोर रडून राहिली. बाजार भीतीवर चालतो. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, बादलीवर पांढरा थर बसतो. त्या पाण्याने केस जातात असं मला वाटतं. नदीच्या पाण्याने धुवून बघा, पैसे जपून ठेवा.

---

निंबाची_सावली (७ एप्रिल, सकाळी ७.१५)

माझं बाळंतपण पारोळ्याला माहेरी झालं. तीन महिने झाले आणि केस मुठीमुठीने यायला लागले. आजी म्हणाली, "बाळ आईला ओळखायला लागलं की केस जातात, घाबरू नको." मला तेव्हा ती समजूत वाटली. पुढे बाळाच्या लसीकरणाच्या वेळी डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आजींचा हिशोब बरोबर आहे, कारण तेवढं वेगळं. पोटुशी असताना जे केस गळायचे ते थांबून राहिलेले असतात, बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी ते सगळे एकदम जातात. आणि बाळ ओळखून हसायला लागतं तेही साधारण त्याच सुमाराला.

माझे बाळ वर्षाचं होईपर्यंत परत आले. कपाळावर आधी बारीक लव आली, ती बघून मी रडले होते.

सून ताई, गेल्या सहा महिन्यांत मोठा ताप वगैरे आला होता का?

---

अमळनेरची_सून (सकाळी ७.४०)

हो. दिवाळीत चिकनगुनिया झाला होता. सांधे महिनाभर धरलेले होते. त्याचा याच्याशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

---

भुसावळ_जंक्शन (सकाळी ९.२०)

तापीकाठच्या भाऊंचं निम्मं पटतं, निम्मं नाही. बाजाराबद्दल ते बोलले ते मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

रेल्वेत आहे. एकतिसाव्या वर्षी माथ्यावर केस विरळ व्हायला लागले. लग्नाची बोलणी चालू होती. जाहिरात बघून मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. नाव लिहीत नाही. काचेचं दार, गार हवा, पांढरा कोट घातलेली मुलगी. तिने कॅमेरा डोक्याला लावून पडद्यावर माझी टाळू दाखवली आणि म्हणाली, सर, सहा महिने उशीर केला असता तर काहीच करता आलं नसतं. मी तिला डॉक्टर समजून बोलत होतो. ती सल्लागार होती, तिचं काम पॅकेज विकणं. पंचावन्न हजार हप्त्यांवर भरले. आठ वेळा रजा टाकून गेलो. दर वेळी डोक्यात सुया, शाम्पूची बाटली, गोळ्यांची डबी. मला नेमकं काय झालंय हे त्या कागदांवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. पाचव्या वेळी मी विचारलं, डॉक्टर कुठे आहेत? ते आज नाहीत, म्हणाले. ते कधीच नव्हते.

नंतर जळगावला साध्या त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. दुसऱ्या मजल्यावर दवाखाना, बाकड्यावर सव्वा तास बसलो. त्यांनी केस बोटांत धरून हलके ओढून बघितले, भिंग लावून टाळू बघितली, वडील आणि मामांच्या केसांबद्दल विचारलं. पंधरा मिनिटांत सांगितलं की ही आनुवंशिक गळती आहे, औषधाने थांबवता येईल, थोडे परत येतील, पण औषध चालू ठेवावं लागेल. दोन औषधं लिहिली, महिन्याचा खर्च हजाराच्या आत. तीन वर्षं झाली, आहेत ते केस टिकलेत.

म्हणून ताई, जा. पण विकणाऱ्याकडे जाऊ नका, तपासणाऱ्याकडे जा.

---

वांग्याचं_भरीत (सकाळी ९.४५)

शेवटचं वाक्य चौकट करून वर लावा कोणीतरी.

---

कात्री_कंगवा (दुपारी २.१०)

चाळीसगावला माझं सलून आहे, तीस वर्षं झाली. गिऱ्हाईकाला स्वतःचं डोकं मागून दिसत नाही, मला दिसतं. त्यामुळे बऱ्याच वेळा पहिल्यांदा सांगणारा मीच असतो.

चाई तर महिन्याला एखादी दिसतेच. रुपयाच्या नाण्याएवढा गोल, गुळगुळीत, जणू वस्तरा फिरवलाय. लोक म्हणतात किड्याने खाल्लं. मग लसूण घासतात, कांदा घासतात. एका पोराने लसूण घासून घासून टाळू भाजून घेतली, पाणी सुटलेलं, त्याला मी हात धरून खुर्चीवरून उठवला आणि रिक्षात बसवून डॉक्टरकडे पाठवला. त्यांनी त्या जागी बारीक इंजेक्शनं दिली. दोन-अडीच महिन्यांनी तिथे पांढरी लव आली, मग काळी झाली.

आरशात दाखवताना मी आवाज बारीक करतो. शेजारच्या खुर्चीवरच्याला ऐकू गेलं तर माणूस परत येत नाही, आणि डॉक्टरकडेही जात नाही.

---

मृद्गंध (रात्री ११.३०)

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, धुळ्याला प्रॅक्टिस करते. इथे कोणाला औषध लिहून देणार नाही, पण सून ताईंचे तिन्ही प्रश्न फार योग्य आहेत.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. दिवसाला ५० ते १०० गळणं हे नेहमीचं. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि पडतो. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, एकदम केलेला उपास किंवा डाएट, यांनी पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत ढकलले जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र पडतात. म्हणून मी प्रत्येकीला विचारते की गळती सुरू झाली त्याच्या तीन महिने आधी काय झालं होतं. ताईंच्या बाबतीत दिवाळीचा ताप आणि फेब्रुवारीतली गळती, हिशोब जुळतो. ही गळती बहुतेकांची सहा महिन्यांत आपोआप थांबते.

पण भांगातून टाळू दिसतेय असं त्यांनी लिहिलंय. तापाच्या गळतीत केस सगळ्या डोक्यावरून सारखे विरळ होतात. फक्त भांगापाशी टाळू दिसत असेल तर दुसरंही काही सोबत असू शकतं. ते फोटोवरून कळत नाही, हात लावून बघावं लागतं. रक्तात हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, रिकामा असू शकतो. थायरॉईड बघावं लागतं. पाळी अनियमित असेल तर तेही.

केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा. बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. माझ्याकडे अशा बाया येतात ज्यांना थायरॉईडचा आजार नाही आणि त्या थायरॉईड झालं म्हणून घाबरलेल्या असतात.

कोणाकडे जायचं? त्वचारोगात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.डी.व्ही.एल. केलेल्या डॉक्टरांकडे. पाटीवर पदवी लिहिलेली असते, वाचा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे त्वचारोगाची ओपीडी असते. केस लावण्याच्या शस्त्रक्रियेबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की ती रीतसर शिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने किंवा प्लास्टिक सर्जनने करायची आहे, कार्यशाळेत किंवा व्हिडिओ बघून शिकलेल्याने नव्हे.

किती थांबायचं? गोल चट्टे, खाज, आग, खपल्या, पू, किंवा टाळू गुळगुळीत चकाकायला लागली असेल तर एक आठवडाही नको. काही आजारांत केसाचं मूळच जळून जातं आणि तिथे व्रण होतो. तिथे पुन्हा केस येत नाही. बाकी गळती तीन महिन्यांपेक्षा जास्त चालली तर दाखवावं.

आणि भाऊ, जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात. मुळापासून जात नाहीत.

---

तापीकाठचा (८ एप्रिल, सकाळी ६.५०)

डॉक्टर ताई, मानलं. पण पाण्याची शंका मला उगाच आली नव्हती. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड भागात आठवड्याभरात लोकांची टकलं पडली. माझी मावसबहीण तिकडे दिली आहे. तेव्हा सगळे पाण्यालाच दोष देत होते. आम्ही चार महिने तिच्याकडे पाणीसुद्धा प्यायलो नाही.

---

मृद्गंध (सकाळी ८.००)

तिथे पाण्याचे नमुने घेतले, आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) पथक आलं. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी स्वतः नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त असल्याचं सांगितलं. सेलेनियम शरीराला अगदी थोडं लागतं, जास्त झालं की केस आणि नखं जातात. गावातून आरोग्य विभागाला कळवलं, म्हणून तपास झाला. बहिणीला माझा नमस्कार सांगा, आणि तिच्याकडचं पाणी प्या.

---

तापीकाठचा (सकाळी ८.२०)

आज फोन करतो तिला.

---

गिरणा (दुपारी १२.४०)

आमची पण एक चूक लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मुलगा सात वर्षांचा, डोक्यात खपली आणि मधोमध केस तुटलेले. मेडिकलवाल्याने हातात एक मलम दिलं. दोन दिवसांत खाज थांबली, आम्ही खूश. महिन्याभरात तेच दुप्पट. नंतर कळलं की त्या मलमात स्टिरॉइड होतं, त्याने वरची लाली दबली आणि आतला नायटा पसरला. मालेगावला डॉक्टरांनी पोटात घ्यायचं औषध सहा आठवडे दिलं. डोक्याच्या नायट्याला नुसतं वरून लावून भागत नाही म्हणाले, बुरशी केसाच्या आत गेलेली असते. त्याच्या बहिणीचीही तपासणी केली, कंगवे आणि टॉवेल वेगळे केले. आता केस दाट आहेत.

मला वाईट याचं वाटतं की त्या महिन्यात शाळेत कोणी त्याच्याशेजारी बसत नव्हतं आणि त्याने घरी सांगितलं नाही.

---

सातपुडा (रात्री ९.१५)

नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत शिक्षिका आहे. आमच्या वसतिगृहात नववीतल्या एका मुलीचे एका बाजूचे केस कमी होत होते. आम्ही उवांचं औषध दिलं, तेल दिलं, झिंकच्या गोळ्या दिल्या. एकदा रात्री फेरी मारताना बघितलं, ती अंथरुणात बसून अंधारात एकेक केस उपटत होती. शांतपणे, एका लयीत. मला बघून तिने हात पाठीमागे लपवला.

जिल्हा रुग्णालयात नेलं. त्वचेच्या डॉक्टरांनी बघून तिला मानसोपचाराच्या विभागात पाठवलं. आई गेल्यापासून सुरू झालं होतं. तिथल्या ताईंनी तिला हात गुंतवायला मणी ओवायला दिले, दर पंधरा दिवसांनी बोलावलं. बरं व्हायला वर्ष लागलं, मधे दोनदा परत सुरू झालं. पण झाली. ती रागावल्याने थांबली नसती, हे मी त्यातून शिकले. आधी मी रागावलेही होते.

---

वांग्याचं_भरीत (रात्री ९.३०)

ताई, वाचून गप्प झालो.

---

पीजे_गाडी (९ एप्रिल, सकाळी १०.००)

भुसावळ_जंक्शन भाऊ, दोन औषधं म्हणजे मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराइडच ना? मला पण तीच दिली. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात गळती वाढली, मी घाबरून बाटली बंद केली. पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले, तेव्हाच तर थांबायला नको होतं. जुने केस जागा रिकामी करतात, नवीन यायला चार-सहा महिने लागतात. सुरुवातीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या औषधाबद्दल, म्हणजे फिनास्टराइडच्या गोळीबद्दल मित्रांनी फार भीती घातली होती. डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, काही थोड्या पुरुषांना इच्छा कमी होणं, मन उदास होणं असा त्रास होतो, तसं वाटलं तर लगेच सांग, बंद करू. आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही. बायको समोरच बसली होती, सगळं तिच्यासमोर झालं, त्यामुळे घरात लपवाछपवी राहिली नाही.

---

भुसावळ_जंक्शन (सकाळी १०.२०)

हो, तीच. मला सुरुवातीच्या गळतीचं आधी सांगितलं होतं, म्हणून टिकलो.

---

निंबाची_सावली (सकाळी ११.००)

विषय थोडा बाजूला नेते. लोह वाढायला आमच्याकडे कळण्याची भाकरी सांगतात. ज्वारी-उडदाची, वर ठेचा. खरंच उपयोग होतो?

---

मृद्गंध (दुपारी ३.१०)

उडदात प्रथिनं आहेत, लोहही आहे, खा. सोबत लिंबू पिळलेलं काहीतरी घ्या, लोह जास्त लागू पडतं. जेवल्या जेवल्या चहा मात्र नको, त्याने कमी लागू पडतं. पण साठा रिकामा झाला असेल तर नुसत्या भाकरीने भरून येत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात.

---

वांग्याचं_भरीत (दुपारी ३.३०)

आणि सोबत भरीत. बामणोदच्या वांग्याचं. यावर धागा भरकटला तरी चालेल मला.

---

अमळनेरची_सून (१९ एप्रिल, रात्री ८.३०)

जाऊन आले. सगळ्यांच्या भरवशावर गेले, म्हणून सगळं सांगते.

जळगावला त्वचेच्या डॉक्टरीणबाई. ओढून बघितलं तेव्हा त्यांच्या बोटांत सहा-सात केस आले. भिंगाचा कॅमेरा भांगावर धरून मला दाखवलं, काही केस जाड, काही अगदी सुताएवढे बारीक. म्हणाल्या, दोन गोष्टी एकत्र आहेत. तापाची गळती ओसरायला लागली आहे, तिला काही करायचं नाही. पण भांगाजवळ केस हळूहळू बारीक होतायत, ते वेगळं, घराण्यातून आलेलं. तापाने ते उघडं पाडलं एवढंच. फेरिटिन ९ निघालं. हिमोग्लोबिन ११.८, म्हणजे किंचितच कमी, वरवर बघून कोणी काही म्हटलं नसतं. थायरॉईड ठीक. लोहाच्या गोळ्या आणि रात्री लावायचं औषध दिलंय. पहिले काही आठवडे गळती वाढेल हे त्यांनीही सांगितलं, पीजे भाऊंमुळे ते मला आधीच ठाऊक होतं.

तेलाबद्दल विचारलं. लावा, सासूबाई चोळतात ते चांगलंच आहे, फक्त औषधाच्या आधी धुवून टाका.

हे सगळं घरी सांगत होते. सासूबाई कणीक मळत ऐकत होत्या. हात धुतले, माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माले बी दखाडनं शे." आणि लग्नाला बारा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा त्यांनी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर मागे घेतला.

माथ्यावर तळहाताएवढी जागा, चकाकणारी, एकही केस नाही. कडेने लालसर. सात वर्षांपासून आहे म्हणाल्या. खाज येते, आग होते. तेल त्यांनी आधी स्वतःसाठी कढवायला सुरुवात केली होती.

---

मृद्गंध (रात्री ८.५०)

ताई, त्यांना याच आठवड्यात न्या. कडेला अजून लाली आहे म्हणजे आजार चालू आहे. गेलेले केस कदाचित येणार नाहीत, पण उरलेले वाचवता येतात. दाखवायची इच्छा त्यांनी स्वतः बोलून दाखवली, ते फार मोठं आहे.

---

कात्री_कंगवा (रात्री ९.४०)

माउलीला सांगा, दवाखान्यात पदर काढायची वेळ येईल तेव्हा तुम्ही दाराकडे पाठ करून उभ्या राहा. एवढ्याने धीर येतो माणसाला.

---

अमळनेरची_सून (२ मे, दुपारी ४.१५)

तशीच उभी राहिले दादा.

डॉक्टरीणबाईंनी जागा बधिर करून मिरीएवढा तुकडा काढला, एक टाका घातला. त्यांना वाटतं व्रण करणाराच आजार आहे, तुकड्याच्या तपासणीवरून नक्की होईल. तोवर आग कमी व्हायला औषध लावतोय. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी माहेरी गेले नाही, यंदा झोका इथेच बांधला. रात्री आता आधी मी त्यांच्या डोक्याला औषध लावते, मग त्या माझ्या.

रिपोर्ट गुरुवारी आहे. सकाळच्या गाडीने दोघी जातोय.